सुखदाच्या दीक्षेला माझी हरकत

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५
नवी दिल्ली

प्रिय सुखदा,

सलाम. फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते. पत्र न उघडता ठेवून देणं तुला जमणार नाही, एवढं मला तुझ्याबद्दल माहीत आहे.

काल दुपारच्या मराठी उपासनेत तुझ्या दीक्षेची दुसरी सूचना वाचली. विनयनेच वाचली. मंडळीचा पाळक तोच, त्याच्याशिवाय वाचणार कोण? श्रीमती सुखदा विनय आढाव, सध्या सहायक पाळक (डीकन), यांना रविवार तीस नोव्हेंबर रोजी पाळकपदाची दीक्षा देण्याचे योजले आहे, कोणाची सबळ हरकत असल्यास बिशपांना लेखी कळवावी. एका दमात वाचून त्याने कागद घडी केला. उल्काताई माझ्या शेजारी होत्या. पहाडगंजच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून त्यांना हळू बोलता येईनासं झालंय. "बायकोचं नाव वाचतोय की लाइट बिल?" म्हणाल्या. पुढच्या दोन रांगांनी ऐकलं.

बिशपांच्या ऑफिसात एक हरकत आली आहे, हे तुला कळलं असेल. ती कोणाची, काय, हे मी इथे लिहीत नाही. तू घाबरू नकोस एवढ्यासाठी लिहिते आहे.

तुझे सासरे होते तेव्हा लग्नाच्या सूचना अशाच तीन रविवारी वाचल्या जायच्या. दोन-चार वर्षांतून एकदा कोणीतरी हरकत घ्यायचंच. हरिदास आणि त्या केरळच्या नर्सच्या वेळी हरिदासच्या आत्याने लिहून दिलं, मुलाने आधीच दुसरीकडे शब्द दिलाय. ह्यांनी दोघांना आमच्या स्वयंपाकघरात बसवलं, मला चहा ठेवायला लावला आणि दार लोटून घेतलं. दोन तासांनी ती दोघं बाहेर आली तेव्हा हरकत उरली नव्हती. त्यांचा मुलगा आता गुडगावात नोकरी करतो.

हरकत म्हणजे शेवट नव्हे. बिशप तुम्हा दोघांना बोलावतील, तुम्ही समोरासमोर बसाल. ऑगस्टपासून तेवढंच तर झालेलं नाही.

गाझियाबादला धूर इथल्याहून जास्त आहे म्हणतात. मास्क लावत जा.

आई


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सुखदा,

तुझं पाकीट मिळालं. आत तुझा एक शब्द नाही, फक्त झेरॉक्स. माझं अक्षर, 'सुरेखा आढाव' अशी माझी सही, आणि सहीखाली 'दिवंगत रेव्ह. भाऊसाहेब आढाव यांची पत्नी'. ते लिहिलं की लोक माझं ऐकतात, म्हणून मी ते लिहिलं होतं.

हो. हरकत माझी आहे. सोमवारी मी ते लपवलं.

कारण सांगते, तुला पटो न पटो. लग्नाची सूचना आणि दीक्षेची सूचना सारखीच. तेच तीन रविवार, जवळजवळ तेच शब्द. मला वाटलं पुढचंही तेच असणार. बिशप तुम्हा दोघांना आत घेतील, दार लोटतील, आणि माझा मुलगा तीन महिन्यांत जे बोलला नाही ते त्याला बोलावं लागेल. चाळीस वर्षं पाळकाच्या घरात काढली आणि मला हे माहीत नव्हतं की दीक्षेवरची हरकत चहावर मिटत नाही. तिची फाइल होते, तिच्यावर तिघांची समिती बसते. आपल्या मराठी मंडळीतून आजवर कोणा बाईची दीक्षाच झालेली नाही, तर मला माहीत असणार कुठून? ही सबब नाही. सबब असली तरी असू दे.

समितीचे सेक्रेटरी मसीह साहेब, त्यांचा फोन आला. "माताजी, आपकी आपत्ति दर्ज हो गई है. चौबीस तारीख को ग्यारह बजे आइए."

मी विचारलं, "और बेटा-बहू?"

"बहू को कॉपी भेज दी है. उनका आना ज़रूरी नहीं. बयान तो आपका होगा न."

तेव्हा मी खुर्ची ओढून खाली बसले.

तुझं पाकीट टेबलावर राहिलं होतं. सृष्टी शाळेतून आली ती थेट तिथे. तुझी मुलगी नऊ वर्षांची आहे, पण तिच्यापासून काही लपवायचं म्हणजे घराबाहेर नेऊन पुरायला हवं.

"आजी, हे तर तुझं रायटिंग आहे."

"हो."

"मम्माबद्दल आहे?"

"हो."

"चांगलंवालं लिहिलंय की बुरावालं?"

मी म्हटलं, दूध पी. तिने पेला हाताने लांब सरकवला. उद्या शनिवार, ती तुझ्याकडे येईल. विचारलंस तर सांगेल ती. नाही विचारलंस तरी सांगेल.

आई


मंगळवार, १८ नोव्हेंबर

सुखदा,

झेरॉक्समधल्या तिसऱ्या ओळीखाली तू रेघ मारली आहेस. पेन इतकं दाबलंस की कागद फाटला. मागच्या पत्रात मी त्या ओळीबद्दल बोलले नाही. आज बोलते.

'सून ऑगस्ट महिन्यात स्वखुशीने घर सोडून गेली.' हे खोटं आहे, आणि खोटं आहे हे माहीत असताना मी ते लिहिलं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. विनय म्हणाला, "एका घरात दोन पाळक नाही चालणार. मंडळी कोणाकडे येईल? माझ्याकडे की तुझ्याकडे?"

तू हसलीस. "दोघांकडे येऊ दे की. रविवारी बाकं तरी भरतील."

"मी मस्करी करत नाहीये. डीकन झालीस, मी गप्प बसलो. आता बस्स. दीक्षा हवी असेल तर इथून निघ."

"इथून म्हणजे?"

"म्हणजे या घरातून."

मग तू स्वयंपाकघराच्या दाराशी आलीस. "आई, ऐकलंत ना?"

मी तव्याकडे बघत राहिले. म्हटलं, "थालीपीठ करपेल."

हेच म्हटलं ना मी? मी रोज आठवून बघते, दुसरं काही म्हटलं होतं का. नाही म्हटलं.

ओळ मी माझ्या मनाने घातली. विनयने सांगितली नव्हती. त्याने पत्र वाचलं, त्या ओळीपाशी थांबला, माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आणि मग पाकीट त्याने स्वतः पोस्टात नेऊन टाकलं. आम्ही दोघांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. मायलेकांत अशा गोष्टी न बोलताच होतात.

आता पुढचं. काल मी त्याला म्हटलं, मी हरकत मागे घेते. तो म्हणाला, "घे. पण एकच ओळ लिही, मी माझी हरकत मागे घेत आहे. कारण लिहू नकोस."

मसीह साहेबांना विचारलं. ते म्हणतात कारण दिल्याशिवाय समितीला प्रकरण बंद करता येत नाही. चौकशी चालू राहील, तीस तारीख निघून जाईल, आणि पुढचा दीक्षाविधी कधी ते बिशपांनाही ठाऊक नाही. वर्ष, दोन वर्षं. मी विचारलं, खरं कारण दिलं तर?  ते म्हणाले, बायकोला दीक्षेपायी घराबाहेर काढणाऱ्या पाळकाची वेगळी चौकशी होते.

म्हणजे एक पत्र पुसायचं तर दुसरं द्यावं लागणार, आणि ते माझ्या मुलाविरुद्ध.

मी काय करीन ते आज मला माहीत नाही. तुला खोटा धीर देत नाही. खोटं एकदा देऊन झालंय.

आई


रविवार, २३ नोव्हेंबर, दुपार

सुखदा,

गेल्या रविवारी तिसरी सूचनाही वाचून झाली. आणखी कोणाची हरकत आली नाही. माझी एकटीची आहे.

तू विचारशील, समोरासमोर बसवायचं होतं तर 'सून आणि मुलगा वेगळे राहतात, समेट करावा' एवढं लिहिलं असतंत. खोटं कशाला? मी स्वतःला हेच विचारते आहे. उत्तर सापडलंय, पण ते चांगलं नाही.

तुझ्या सासऱ्यांचे उपदेश ऐकायला लोक फरिदाबादहून यायचे. ते मी लिहायचे.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन आले तेव्हा घरात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती. हे गावोगावच्या भेटींवर असायचे, मी एकटी, तर एकेक काढून वाचायला लागले. कळायचं नाही ते पुन्हा वाचायचे. मग शुक्रवारी हे शास्त्रपाठ घेऊन बसायचे आणि त्यांना डुलकी लागायची. दिवसभर दवाखाने, तंटे, मयत. माणूस दमणारच. मी आधी त्यांना चार ओळी काढून द्यायचे. मग पान. मग सगळंच. रविवारी घरी येताना ते विचारायचे, "आज बरा झाला ना?" मी म्हणायचे, "बरा झाला." एकोणतीस वर्षं. ते वाईट नव्हते, तुला माहीत आहे. त्यांना कधी सुचलं नाही, आणि मलाही नाही.

गेल्या ईस्टरला तू उपदेशाला उभी राहिलीस. हातात कागद नव्हता. येशूच्या थडग्यापाशी गेलेल्या बायकांबद्दल बोललीस, की तो उठल्याची बातमी त्यांच्याकडे आधी होती आणि विश्वास मात्र कोणी ठेवला नाही. बाहेर लोक तुझा हात हातात घेऊन उभे होते. मी सगळ्यांना सांगत होते, मला किती आनंद झालाय.

मला आनंद झाला नव्हता. घरी येऊन मी बाथरूमचा नळ सोडून रडले. हे गेले त्याला सात वर्षं झाली, मी त्यांच्यासाठी अशी रडले नव्हते. त्यांच्यासाठी माझं दुःख रोजचं आहे, जेवणाच्या वेळेसारखं, ते येतं आणि मी त्याला जागा देते. हे तसं नव्हतं. हे मत्सराचं होतं. तुला ते मिळत होतं जे मागता येतं हेच मला माहीत नव्हतं.

ती ओळ तिथून आली.

आज जेवताना विनयने विचारलं, "आई, उद्या काय सांगणार आहेस?"

"विचार करते आहे."

"माझं काम आहे ते. आणि हे घर चर्चचं आहे. मी इथे आहे म्हणून आपण इथे आहोत. तू पण."

तो रागाने बोलला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सृष्टी भाताशी खेळत आमच्या दोघांकडे पाळीपाळीने बघत होती. मी त्याच्या पानात आणखी वरण वाढलं. दुसरं काय करणार?

आई


मंगळवार, २५ नोव्हेंबर

सुखदा,

काल काय झालं ते तुला मसीह साहेबांच्या पत्रातून कळेलच. पण तिथे फक्त निकाल असेल.

विनयनेच गाडीतून नेलं. सगळा रस्ता त्याने रेडिओ चालू ठेवला. खोलीत तिघं होते, मसीह साहेब, एक वयस्क पाळक आणि एक निवृत्त प्रिन्सिपल बाई. हीटर फक्त त्यांच्या बाजूला. विनय मंडळीचा पाळक म्हणून माझ्या शेजारी बसला. माझ्या हरकतीचं हिंदी त्यांनी कोणाकडून तरी करून ठेवलं होतं, ते वाचलं. हिंदीत ते आणखी वाईट वाटतं.

मी काही बोलायच्या आत विनय म्हणाला, "सर, माँ की तबीयत ठीक नहीं रहती. पापा के जाने के बाद से चीज़ें भूल जाती हैं."

मी म्हटलं, "क्या भूली, बता."

प्रिन्सिपल बाईंनी तोंडावर रुमाल धरला. 

मग मी माझ्या हिंदीत सांगितलं, भाजीवाल्याशी बोलते त्याच हिंदीत. "बहू अपने मन से नहीं गई. बेटे ने बोला, दीक्षा चाहिए तो घर से निकलो. मैं रसोई में थी, मैंने सुना. बहू ने मुझसे पूछा भी. मैंने जवाब नहीं दिया. फिर चिट्ठी में झूठ लिखा."

"झूठ क्यों लिखा?" बाईंनी विचारलं.

"जलन थी."

 मसीह साहेबांनी चष्मा काढला. "माताजी, ये लिखकर देना होगा. और समझ लीजिए, ये काग़ज़ रेवरेंड विनय की फ़ाइल में भी जाएगा."

विनय म्हणाला, "आई." एवढंच. नको म्हणाला नाही, लिही म्हणाला नाही. लहानपणी ताप चढला की हाक मारायचा, तसा.

सुखदा, मी लगेच हो म्हटलं नाही.  मी त्याला जन्म दिलाय. तुला दिलेला नाही. हे मनात आलं, ते तुला सांगते. आणि मग हेही आलं, की मी आता याच्यासाठी गप्प बसले तर ऑगस्टमध्येही मी याच्यासाठीच गप्प बसले होते, आणि त्याने त्याचं काय भलं झालं?

मी पेन मागितलं. मराठीतच लिहिलं, अर्धं पान. आता ते त्यांना हिंदीतून वाचून दाखवणार कोण? माझ्याशिवाय खोलीत मराठी येणारा एकच होता. मसीह साहेब म्हणाले, बाहेरून कोणाला बोलावतो, या माणसाला वाचायला लावणं बरोबर नाही. विनयने हात पुढे केला. "मैं पढ़ देता हूँ."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो हवं ते वाचू शकला असता, कोणाला कळलं नसतं. निदान त्या दिवशी तरी नाही. त्याने एकेक वाक्य आधी मराठीत वाचलं, मग हिंदीत. 'माझा मुलगा विनय याने तिला घरातून निघायला सांगितले.' 'मेरे बेटे विनय ने उसे घर से निकल जाने को कहा.' काही गाळलं नाही. शेवटच्या ओळीला अडखळला, पाणी प्यायला, आणि ती ओळ पुन्हा वाचली.

दोन वाजता निकाल सांगितला. हरकत रद्द. तीस तारीख कायम. विनयला जानेवारीत बोलावतील.

परत येताना रेडिओ लावला नाही. घरापाशी गाडी थांबवून तो म्हणाला, "तुला वाटतं मी तुला घराबाहेर काढीन?"

मी म्हटलं, "एकीला काढलंस."

तो उतरला. माझ्या बाजूचं दार उघडायला आला नाही. मी माझं उघडलं.

आई


सोमवार, १ डिसेंबर

सुखदा,

काल तू मला पाहिलंस की नाही, कळलं नाही. मी मागून तिसऱ्या बाकावर होते, उल्काताईंच्या शेजारी. पुढे तुझ्या आईवडिलांच्या रांगेत बसायला तू बोलावलं नव्हतंस, आणि बोलावलं असतंस तरी मी बसले नसते.

बिशपांनी सगळ्यांसमोर विचारलं, या बहिणीला दीक्षा देण्यास कोणाची हरकत असेल तर त्याने आता पुढे यावे. आणि अख्खं चर्च मागे वळून माझ्याकडे बघायला लागलं. बायका तर खांद्यासकट वळल्या. उल्काताई त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मान अवघडेल, पुढे बघा." मी बसून राहिले. आयुष्यात बसून राहणं इतकं अवघड कधी गेलं नव्हतं. मला उठून सांगावंसं वाटत होतं की माझी हरकत नाही, पण त्या जागी उठणाऱ्याला हरकतच असते.

मग त्यांनी विचारलं, हिला दीक्षा द्यावी अशी तुमची इच्छा आहे का? तेव्हा सगळ्यांच्या आधी एक आवाज आला, जरा जास्तच मोठा. तो माझा होता. ऐकू आला असेल तर तो माझा होता.

हे सांगायला पत्र लिहीत नाहीये. तू गुडघे टेकलेस, बिशपांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि रीतीप्रमाणे सगळे पाळक उठून हात ठेवायला तुझ्याभोवती गोळा झाले. तुझं डोकं खाली होतं. तुला त्यातलं काही दिसलं नसणार. मला दिसलं, म्हणून लिहिते.

विनय आला होता. येईल असं मला बोलला नव्हता. सकाळी स्वतःचा झगा स्वतः इस्त्री केला आणि निघाला. पाळकांच्या खुर्च्यांत कडेला बसला होता. बाकी सगळे उठले तेव्हा तो उठला नाही. त्यांचं कडं पुरं झाल्यावर उठला. तुझ्यापर्यंत पोचायला त्याला जागा नव्हती, की त्याने करून घेतली नाही, ते मागून कळलं नाही. मागचे पाळक पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतात, तसा त्याने समोरच्या म्हाताऱ्या पाळकांच्या खांद्यावर ठेवला. प्रार्थना झाली. सगळ्यांनी हात काढले, त्याने काढला नाही. ते पाळक बाजूला झाले तरी त्याचा हात तसाच वर होता, खाली कोणी नसताना. तेव्हा तू उठत होतीस, तुझी पाठ त्याच्याकडे होती. मग त्याने तो खाली घेतला आणि खुर्चीवर जाऊन बसला.

घरी येऊन तो यावर बोलला नाही आणि मी विचारलं नाही. याचा अर्थ काय, मला वाटतं ते मी लिहू शकते, पण लिहिणार नाही. तुम्हा दोघांच्या मधे माझी एक ओळ घालून झाली आहे. जेवढं दिसलं तेवढं लिहिलं.

सृष्टी शनिवारी येईल. पत्राचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

सुरेखा